दहावीच्या नऊ मुली एकदम गेल्या की संघाचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रामीण भागातल्या अनुदानित शाळेत एक क्रीडाशिक्षिका शिक्षणसेवक म्हणून दुसरं वर्ष पूर्ण करतायत. त्यांचा सतरा वर्षांखालील मुलींचा खो-खो संघ यंदा पहिल्यांदाच जिल्हा जिंकून विभागापर्यंत गेला. बारापैकी नऊ मुली दहावीच्या. आता निरोप समारंभ, मग बोर्डाची परीक्षा, आणि मग त्या गेल्याच. मुख्याध्यापक म्हणतायत, "पुढच्या वर्षी राज्य आणा." मॅडम विचारतायत, संघ पुन्हा कसा उभा करू? आणि शेवटी एक ओळ : जाणाऱ्या मुलींना निरोपाला काय द्यावं, ट्रॉफी की ट्रॅकसूट?

मॅडम, आधी अभिनंदन. दुसऱ्याच वर्षी विभागापर्यंत जाणं सोपं नाही. मी सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात सव्वीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. बहुतेक वर्षं खो-खो, मध्ये तीन वर्षं नाइलाजाने कबड्डी. तुमच्यावर आलेला प्रसंग माझ्यावर चार वेळा आला. पहिल्या वेळी मी तो वाईट हाताळला, म्हणून उत्तर जरा लांबेल.

तुम्ही एक प्रश्न विचारलाय असं तुम्हाला वाटतंय, पण ते दोन आहेत. एक संघाचा, दुसरा त्या नऊ मुलींचा. संघाला ऑगस्टपर्यंत वेळ आहे. मुलींना तेवढा नाही. आणि तुम्ही मुलींचा प्रश्न शेवटच्या ओळीत भेटवस्तू म्हणून टाकलात. मी तेच केलं होतं. माझ्या दहा मुली एका वर्षी गेल्या. प्रत्येकीला चकचकीत ट्रॉफी दिली, फोटो काढला, तो कार्यालयात लावला आणि दुसऱ्या दिवसापासून आठवीच्या पोरींच्या मागे लागलो. ऑगस्टमध्ये तालुक्याच्या मैदानावर १९ वर्षांखालच्या गटात माझ्या दहांपैकी किती दिसतात म्हणून पाहिलं, तर एक. जिल्ह्यात अडीच-अडीच मिनिटं बाद न होता पळणारी माझी सगळ्यात चांगली पोरगी नव्हती. दिवाळीत एसटी स्टँडवर भेटली. सोळा किलोमीटरवरच्या कॉलेजात अकरावी आर्ट्सला होती. कॉलेजात खो-खो नव्हता, आणि परतीची एसटी साडेपाचला. मी म्हटलं, मग सकाळी आपल्या मैदानावर का आली नाहीस? तर म्हणाली, "सर, तुम्ही बोलावलंच नाही. मला वाटलं शाळा सुटली की मैदान पण सुटलं."

त्यानंतर मी क्रम बदलला. आधी जाणाऱ्या, मग येणाऱ्या. इथेही त्याच क्रमाने लिहितो.

पण त्याआधी थोडं गणित, कारण "एकदम नऊ कशा गेल्या" याचं उत्तर त्यात आहे. शालेय स्पर्धांत वय ३१ डिसेंबरला धरतात. सहाव्या वर्षी पहिलीत बसलेलं मूल साधारण आठवीपर्यंत १४ वर्षांखालील गटात बसतं. नववी, दहावी आणि बहुतेक वेळा अकरावीही १७ वर्षांखालील गटात. म्हणजे दहावीपर्यंतच्या शाळेचा सतराचा संघ हा मुळात दोनच वर्गांचा संघ असतो, नववी आणि दहावी. चांगली बॅच एका वर्गात जमली की दोन वर्षांनी खड्डा पडणार हे ठरलेलंच. शेजारी ज्युनिअर कॉलेज जोडलेली शाळा असेल तर तिच्याकडे तीन वर्गांच्या मुली असतात. तुमचं काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही. चुकलं असेल तर एवढंच, की उरलेल्या तिघींना यंदा सामन्यात किती वेळ मिळाला. त्यावर पुढे येतो.

याच गणितातली दुसरी बाजू तुमच्या मुलींना कुणी सांगितली नसणार. दहावी झाली म्हणजे शालेय स्पर्धा संपल्या असं त्यांना वाटतं, त्यांच्या आईवडिलांना तर ठामच वाटतं. प्रत्यक्षात अकरावी-बारावीला १९ वर्षांखालील गट आहे, तोही शालेयच. जन्मतारखा पाहा. तुमच्या नऊपैकी काही जणी पुढच्या वर्षी अकरावीत असूनही सतरामध्येच बसतील. म्हणजे तुमच्या पोलवरची मुलगी तालुक्याच्या अंतिम सामन्यात तुमच्याच विरुद्ध उभी राहू शकते. माझ्या बाबतीत एकदा झालंय. आम्ही हरलो, आणि सामन्यानंतर ती माझ्याच बाटलीतलं पाणी पिऊन गेली. शिवाय शाळा-कॉलेजबाहेर खो-खो संघटनेच्या स्पर्धा आहेत. तिथे कुमार-मुली गट १८ वर्षांखालचा, आणि तिथे शाळेकडून नाही, क्रीडा मंडळाकडून खेळायचं असतं. शाळा सोडलेल्या मुलीला हे दार उघडंच असतं, फक्त ते कुठे आहे हे कुणीतरी दाखवायला लागतं.

आता काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, आणि उत्तर त्यांच्यावर फिरतं. शाळा पाचवी ते दहावी आहे की आठवी ते दहावी? पाचवीपासून असेल तर तुमच्या हातात चौदाचा संघ आहे, अर्धं काम झालंय. आठवीपासून असेल तर तुमचा चौदाचा संघ जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळांत बसलेला आहे आणि तुम्हाला तिकडे जावं लागेल. गावात किंवा जवळ खो-खोचं मंडळ आहे का? अकरावीसाठी मुली गावातच राहणार की तालुक्याला जाणार? आणि घरून मुलींना सकाळी सहाला बाहेर पडू देतात का? याची उत्तरं वेगळी असतील तर माझं निम्मं सांगणं तुम्हाला बदलून घ्यावं लागेल.

तर आधी जाणाऱ्या.

मुली खेळ निकालानंतर सोडतात असं आपल्याला वाटतं. माझ्या अनुभवात त्या शेवटच्या सामन्यानंतरच्या आठवड्यातच सोडतात. शेवटचा सामना नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. जानेवारीत पूर्वपरीक्षा, मार्चपर्यंत बोर्ड, मग सुट्टी, निकाल, प्रवेशाच्या फेऱ्या. नव्या कॉलेजात बूड टेकेपर्यंत ऑगस्ट उजाडतो. म्हणजे आठ महिने मैदान नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी आठ महिन्यांत वेग जातो, वजन वाढतं, हे सगळं परत मिळवता येतं. घरातली परवानगी मात्र परत मिळत नाही. पहाटे ट्रॅकपँट घालून बाहेर पडणारी मुलगी ही घराला लागलेली सवय असते. आठ महिने मोडली की नव्याने मागावी लागते, आणि तेव्हा उत्तर असतं, "आता काय लहान आहेस का?"

म्हणून मी दहावीच्या मुलींना पूर्ण सुट्टी देत नाही. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी चाळीस मिनिटं, सक्ती नाही, हजेरी नाही. पळायचं, ताणाचे व्यायाम करायचे, थोडं शिवाशिवी खेळायचं आणि घरी जाऊन अभ्यासाला बसायचं. पूर्वपरीक्षेच्या आणि बोर्डाच्या पेपरच्या दिवसांत तेही बंद. पालक पहिल्यांदा कुरकुरतात. मी घरी जाऊन सांगतो की ही चाळीस मिनिटं अभ्यासातून कापलेली नाहीत, झोपाळलेल्या सकाळीतून कापलेली आहेत. काही ऐकतात, काही ऐकत नाहीत. नऊपैकी पाच आल्या तरी पुरे.

दुसरं काम कॉलेजचं. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पसंतीक्रम भरायचा, आणि तो भरताना घरचे टक्के आणि अंतर पाहतात, मैदान कुणी पाहत नाही. तुम्ही आत्ताच तालुक्यातल्या ज्युनिअर कॉलेजांना एक चक्कर मारा किंवा फोन करा. मुलींचा खो-खो संघ आहे का, सराव किती वाजता, शिक्षक कोण, मैदानावर फक्की (रेषा आखायची पांढरी पूड) मारलेली दिसते की गवत. आपल्या ओळखीचे क्रीडाशिक्षक सगळीकडे असतातच, तालुका स्पर्धांना वर्षानुवर्षं एकाच मंडपात बसतो आपण. दोन-तीन कॉलेजांची नावं एका कागदावर लिहून, प्रत्येकासमोर एसटीची वेळ लिहून पालकांना द्या. मी एसटीच्या वेळेला कॉलेजच्या नावापेक्षा जास्त महत्त्व देतो. मुलगी संध्याकाळी घरी कशी येणार याचं उत्तर नसेल तर बाकी सगळी चर्चा वाया आहे.

कॉलेजात खेळ नसेल तर मंडळ. तेही नसेल तर तुमचंच मैदान सकाळी खुलं ठेवा. माजी विद्यार्थिनींना मैदान वापरायची मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. कुणी पडलं, हात मोडला, तर तोंडी परवानगी कुणाला आठवत नाही.

तिसरं, कागद. हे कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. खेळाडू विद्यार्थ्यांना दहावीला कामगिरीच्या पातळीप्रमाणे वाढीव गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे आणि तिथून बोर्डाकडे जातो. किती गुण, कशाला, याचं चालू वर्षाचं परिपत्रक स्वतः वाचा, स्टाफरूममधल्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. मुदत परीक्षेच्या गडबडीत येते, तेव्हा कार्यालयातल्या लिपिकाला आत्ताच गाठा.

आणि प्रमाणपत्रावरचं नाव तपासा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, अगदी जनरल रजिस्टरला आहे तसं. माझ्या एका मुलीच्या राज्य स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव आडनावाच्या जागी पडलं होतं. यादी मीच घाईत लिहून दिली होती, चूक माझी. सहा वर्षांनी ती भरतीचा अर्ज भरायला बसली आणि प्रमाणपत्र पडताळणीत अडकली. सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण कोणती स्पर्धा, कोणता क्रमांक, कोणत्या पदाला चालतो हे नियमाने ठरलेलं असतं आणि पडताळणी झाल्याशिवाय काही होत नाही. दुरुस्तीसाठी मी आणि ती चार महिने खेटे घालत होतो. झालं शेवटी, पण त्या भरतीची मुदत तोवर गेली होती. तेव्हापासून स्पर्धेला यादी पाठवण्याआधी मी ती मुलीच्या हातात देतो : वाच, तुझं नाव बरोबर आहे का, सही कर.

पालकांशी बोलताना एक काळजी घ्या. ५ टक्क्यांचं आमिष दाखवून खेळायला लावू नका. विभागापर्यंत गेलेल्या सगळ्या मुलींना त्यातून नोकरी लागत नाही, आणि उद्या पालक तुम्हालाच विचारतील. मी सारिका काळेचं उदाहरण देतो. धाराशिवची मुलगी, भारताची कर्णधार, २०२० साली अर्जुन पुरस्कार. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी अंतिम फेरीत नेपाळला ७८-४० असं हरवलं, कर्णधार आपली प्रियांका इंगळे. हे सांगावं, पोरींच्या डोळ्यांत चमक येते. पण लगेच दुसरं वाक्यही सांगतो की आपल्या तालुक्यातून तिथे कुणी पोहोचेल की नाही मला माहीत नाही, तरी बारावीनंतर पोलीस भरतीला मुलींना ८०० मीटर पळायचं असतं आणि खो-खोतली पोरगी त्यात मागे राहत नाही. वडील मंडळींना हे दुसरं वाक्य जास्त पटतं. माझ्या आठ-नऊ मुली आज खाकीत आहेत, त्यातल्या दोघी राज्यही खेळलेल्या नाहीत.

आता संघ.

इथे मी सांगणार आहे ते कदाचित तुम्हाला आवडणार नाही. पुढच्या वर्षी राज्य येणार नाही. येऊ शकतं, चमत्कार होतात, पण त्यावर कार्यक्रम आखू नका. मुख्याध्यापकांना एप्रिलमध्येच स्वच्छ सांगा की पुढच्या वर्षी तालुका पार करणं आणि जिल्ह्यात दोन फेऱ्या हे लक्ष्य, त्याच्या पुढच्या वर्षी विभाग. तोंडी सांगितलं तर विसरतात, म्हणून मी वर्षाच्या नियोजनात लिहून सही घ्यायचो. वाईट वाटतं त्यांना, पण डिसेंबरमध्ये वाईट वाटण्यापेक्षा एप्रिलमध्ये बरं.

मुलींची निवड करताना नऊ शोधू नका, चौदा-पंधरा घ्या. ऑगस्टपर्यंत गळती होतेच. आमच्याकडे द्राक्षाच्या हंगामात दोघी-तिघी आईबरोबर बागेत जातात, एखादीचं घर बदलतं, एखादीला क्लास लागतो. निवडताना १०० मीटर पळवून वेळ घेऊ नका. खो-खोत सरळ कोण पळतं? मी दोनच गोष्टी बघतो. चौकोनांतून नागमोडी पळताना दिशा बदलली की पाय घसरतो का, आणि माझ्याकडे पाठ करून बसलेली मुलगी टाळी वाजल्यावर किती पटकन उठते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.

कारण नवा संघ मी आक्रमणापासून बांधतो, पळतीपासून म्हणजे संरक्षणापासून नाही. बरेच तरुण शिक्षक उलट करतात. संरक्षण एकटीचं कौशल्य आहे. एखादी मुलगी उपजतच चपळ असते, तिला एकेरी साखळी (बसलेल्यांमधून नागमोडी पळणं) आणि गोलातलं पळणं शिकवलं की ती एका मोसमात दीड-दोन मिनिटं काढायला लागते. आक्रमण मात्र नऊ जणींचं एक अंग आहे. आठ जणी एकीआड एक उलट तोंड करून बसलेल्या, नववी धावतेय, तिने एकदा दिशा धरली की पोलपर्यंत वळता येत नाही, दोन पोलांमधली मधली रेषा ओलांडता येत नाही. म्हणजे प्रत्येक खो हा निर्णय असतो, आणि तो बसलेलीच्या पाठीला कळावा लागतो. तुमच्या नऊ जणी दोन वर्षं शेजारी शेजारी बसल्या आहेत. कुणाला खो दिला की ती डावीकडे जाईल हे त्यांना न बघता माहीत आहे. हे त्यांच्याबरोबर जातंय. पळणाऱ्या मुली तुम्हाला जूनमध्ये मिळतील, ही पाठीची समज मिळायला वर्ष लागतं.

म्हणून पहिले दोन महिने माझ्याकडे पोलवर सूर मारणं बंद. मुली रुसतात, कारण तेच बघून त्या आलेल्या असतात. मी फक्त बसणं आणि उठणं घेतो. कंटाळा येईपर्यंत. हाताचा स्पर्श आणि 'खो' शब्द एकाच क्षणी, बसलेली खो मिळाल्याशिवाय हलणार नाही, उठताना पहिलं पाऊल कुठल्या पायाचं. नवा संघ जिल्ह्यात हरतो तो बहुतेक वेळा फाउलनी. नऊ मिनिटांच्या आक्रमणात दहा फाउल झाले की समोरच्या तिघींना दहा वेळा श्वास घ्यायला वेळ मिळतो. ही एक गोष्ट जरी नीट बसवली तरी नवखा संघ सामना लाजिरवाणा होऊ देत नाही. सूर मारायला सप्टेंबर आहे. आणि हो, सूर शिकवायच्या आधी मैदान खणून भुसभुशीत करा, खडे वेचा. गुडघे कोवळे असतात या वयात, आपण विसरतो.

उरलेल्या तिघींचं काय? यंदा त्या तिघी राखीव होत्या ना? आणि बहुधा जिंकायच्या नादात एकीलाही पूर्ण डाव मिळाला नसेल. मीही तेच करायचो. मग एक नियम केला, की तालुक्याच्या पहिल्या फेऱ्यांत पहिल्या डावात सहा-सात गुणांची आघाडी असेल तर दुसऱ्या डावात नववीच्या मुली उतरणारच. आणि बारांत दहावीच्या आठांपेक्षा जास्त नकोत. हा दुसरा नियम मी एका वर्षी फार कडक पाळला. पाचवीपासून रोज येणाऱ्या दहावीच्या एका मुलीला वगळून आठवीची चपळ पोरगी घेतली. संघाच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता. ती मुलगी माझ्याशी पुढे दोन वर्षं बोलली नाही, आणि तिचंही बरोबर होतं. आता दहावीची मुलगी पाच वर्षं आलेली असेल तर मी तिला बारांत ठेवतो, खेळण्याचा वेळ मात्र वाटून देतो. शालेय संघ आहे, लीगचा नाही.

आता जाणाऱ्या आणि येणाऱ्या यांना जोडणारी एक गोष्ट, जी तुम्ही याच महिन्यात करू शकता. प्रत्येक दहावीच्या मुलीला आठवी-नववीतली एक जोडीदारीण द्या. पोलवरची मुलगी पोलवर बसू शकेल अशी शोधेल, पहिल्या तिघींच्या तुकडीत पळणारी पळणारीला. त्या तीन दिवसांच्या चाळीस मिनिटांतली शेवटची दहा मिनिटं त्यांची. मी मध्ये पडत नाही. मला जे तीन वर्षांत शब्दांत सांगता आलं नाही ते या पोरी एकमेकींना दोन वाक्यांत सांगतात. एकदा ऐकलं होतं, "ती उजव्या खांद्याकडे बघायला लागली की डावीकडे पळ, ती हूल असते." हे माझ्या बी.पी.एड.च्या कुठल्या वहीत नव्हतं. शिवाय दहावीच्या मुलीला आपण अजून कुणाच्या तरी उपयोगाच्या आहोत असं वाटत राहतं, आणि तीही मैदानावर टिकते. दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी लागू पडणारं माझ्याकडे हे एवढंच औषध आहे.

आठवीपासूनची शाळा असेल तर शनिवारी सकाळची शाळा सुटली की आसपासच्या जिल्हा परिषद शाळांत जा. दहावीच्या दोघींना बरोबर न्या, परीक्षेनंतर. तिथल्या गुरुजींना फक्की आणि दोन पोल लागतात, बाकी काही नाही. सुतार सांगेल त्या किमतीत बाभळीचे किंवा निलगिरीचे पोल करून दिले तरी चालतात, फक्त वरचं टोक घासून गुळगुळीत करा. मी तीन शाळांना असे दिले होते. जूनमध्ये आठवीत आलेल्या मुली मला आधीच ओळखत असायच्या.

वेळापत्रकाचं थोडक्यात : बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत दहावीचे तीन दिवस, एप्रिलमध्ये सकाळी सहा ते साडेसात जुन्या-नव्या सगळ्या एकत्र, मे महिन्यात पंधरा दिवस खरोखर सुट्टी, जूनपासून नवा संघ आणि सकाळच्या वेळेला माजी मुली. विदर्भात असाल तर एप्रिलचा विचार सोडा, उन्हाने पोरी आजारी पडतील. शाळेचे पी.टी.चे तास यात धरू नका, ते गणिताला जाणार हे तुम्हालाही माहीत आहे.

राहिला निरोप समारंभ. ट्रॉफी देऊ नका, घरात आधीच्या आहेत. ट्रॅकसूट चांगला, पण नऊ ट्रॅकसूटचे पैसे असतील तर ते पोलवर आणि नव्या बुटांवर घाला. मी प्रत्येकीला एक प्लॅस्टिकची फाइल देतो. आत सगळ्या प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती, मूळ प्रमाणपत्रं वेगळ्या पाकिटात, तिच्या सर्वांत चांगल्या सामन्याच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स, कॉलेजांचा आणि एसटीच्या वेळांचा तो कागद, आणि मंडळाच्या प्रशिक्षकांचा फोन नंबर. सव्वाशे रुपयांत होतं. दिसायला काहीच नाही. पण भरतीच्या वेळी तीच फाइल घेऊन मुली येतात, कोपरे फाटलेली, त्यात पुढची प्रमाणपत्रं घातलेली.

आणि जर्सी. आमच्याकडे शाळेचा एकच संच, दरवर्षी धुऊन कपाटात. निरोपाच्या दिवशी दहावीची मुलगी आपल्या नंबरची जर्सी जोडीदारणीच्या हातात देते. स्टेजवर नाही, कपाटापाशी. स्टेजवर केलं की रडारड आणि फोटो होतात. कपाटापाशी त्या एकमेकींना सांगतात की सातची शिवण काखेत उसवली आहे, शिवून घे.

भाषण तुम्हाला करावंच लागेल. मुख्याध्यापक, संस्थेचे पदाधिकारी, सगळे 'उज्ज्वल भविष्य' म्हणून झालेले असतील. तुम्ही उठा आणि तारीख सांगा : शेवटचा पेपर अमुक दिवशी, त्यानंतरच्या सोमवारी सकाळी सहाला नऊच्या नऊ जणी मैदानावर, फक्की मी मारून ठेवते.